बारा नंबरची रिंग

सिस्टरबद्दल चांगलं बोलणारा माणूस आमच्या गल्लीत शोधायचा तर नुकताच राहायला आलेला शोधावा लागेल, आणि तोही पहिल्या आठवड्यातला. तीस वर्षं ती प्रसूतिगृहात नर्स होती. गल्लीतली निम्मी पोरं तिच्या हातून जगात आली, आणि त्यांच्या आया अजून सांगतात की कळा परवडल्या, पण सिस्टरचं तोंड नको. "ओरडू नका, मूल होणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. निवृत्त झाली तेव्हा दवाखान्याने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. तिसऱ्या दिवशी ती ते माझ्या दुकानात घेऊन आली, कारण मी घड्याळजी.

"दिवसाला पाच मिनिटं मागे पडतं," ती म्हणाली. "देणाऱ्यांची दानत दिसते."

मी म्हटलं, "सिस्टर, घड्याळ बरोबर आहे. तुम्हीच पाच मिनिटं पुढे असता."

त्यावर ती हसली नाही. ती माणसांबरोबर कधी हसायची नाही, माणसांना हसायची. पण तिच्याकडे जाणं मला टाळता येत नव्हतं, कारण आमच्या पक्षीपालक मंडळाचा मी चिटणीस आणि ती मंडळाची सभासद नंबर बारा. तिच्या घरामागच्या अंगणात बजरीगरांचं घर होतं. लोक त्यांना लव्हबर्ड म्हणतात. सिस्टरसमोर कुणी म्हटलं तर ती त्या माणसाला दारातूनच परत पाठवायची. "ज्याला कावळा आणि चिमणी एकच वाटते त्याने चिमणी बघायला येऊ नये."

बारा फूट लांब, सात फूट उंच, बारीक जाळी, अर्धं छत पत्र्याचं आणि अर्धं उघडं. हे झालं बाहेरचं. खरा कारभार मागच्या खोलीत. तिथे भिंतीला लावून सोळा पिंजरे, प्रत्येकात एकच जोडी, आणि प्रत्येकाला बाहेरून एक लाकडी खोकं. खोक्यावर खिळ्याला अडकवलेलं कार्ड: आई कोण, बाप कोण, पहिलं अंडं कोणत्या तारखेला, किती भरलेली, किती पोकळ. अंड्यांवर पेन्सिलीने बारीक आकडे. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला राउंड. कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय खोक्याला हात नाही, आणि पाहुण्यांना रविवारी साडेदहा ते अकरा. जी मादी अंडी फोडायची तिच्या कार्डावर ती लाल शाईने लिहायची, "आई म्हणून नालायक." आमच्या मंडळातल्या एका सभासदाची बायको ते वाचून रडली होती. तिला काय आठवलं कुणास ठाऊक.

आणि एक मोठा पिंजरा दाराशी, त्याचं नाव जनरल वॉर्ड. ज्या पक्ष्याचा रंग मळकट, डोकं लहान, शेपूट वाकडी, तो तिथे. जनरल वॉर्डात सिस्टर फक्त राळं टाकायला हात घालायची. बघायची नाही.

तिला आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती: जांभळा बजरीगर. निळा नव्हे, गडद निळा नव्हे, पिकलेल्या वांग्यासारखा जांभळा. आणि बाजारातून आणलेला नाही. आपल्या घरात, आपल्या खोक्यात अंड्यातून निघालेला, पायात आपली रिंग असलेला. ही रिंग म्हणजे पक्षी पाळणाऱ्याची सही. पातळ धातूचं अखंड कडं, त्यावर वर्ष आणि सभासदाचा नंबर. पिल्लू आठवड्याचं असताना त्याची बोटं जुळवून ती पायात सरकवायची. दहाव्या दिवसानंतर पाऊल भरतं आणि रिंग जात नाही. म्हणजे पिल्लू उघडंनागडं गुलाबी असतं, कुठला रंग येणार हे देवालाही माहीत नसतं, तेव्हाच सही करायची असते. रिंग नसलेला पक्षी कितीही देखणा असो, आमच्या प्रदर्शनात त्याला जागा नाही.

नऊ वर्षं सिस्टर जांभळ्याच्या मागे होती. निळ्यातला सुंदर नर, निळ्यातली सुंदर मादी, त्यांची सुंदर पिल्लं, सगळी निळी. मी तिला एकदा सांगितलं होतं की जांभळा रंग लपून बसतो. एखाद्या निळ्यात तो असतो आणि दिसत नाही, निळा जरा गडद वाटतो इतकंच. त्याला वर काढायचा तर समोर राखी पक्षी लागतो. तोच, ज्याला आपण सगळे मळका म्हणून बाजूला टाकतो.

"कुरूपातून सुंदर निघत नाही," सिस्टर म्हणाली. "तीस वर्षं प्रसूतिगृहात काढलीत मी."

"मग आमच्या गल्लीतली पोरं कुठून आली? त्यांचे बाप तुम्ही बघितलेत ना?"

"बघितलेत. म्हणूनच सांगते."

तर अशी ही बाई. आता तिच्या जावेकडे येतो, कारण जावेशिवाय सिस्टरची गोष्ट म्हणजे कात्रीचं एकच पातं.

सिस्टरचा नवरा गेला, मग सासू गेली, आणि सासू गेल्याच्या महिन्यात घराच्या मधोमध भिंत आली. इकडे सिस्टर, तिकडे दीर आणि जाऊ. पुढची दारं दोन झाली, मागच्या अंगणात कमरेएवढी भिंत झाली. दीर दातांच्या कवळ्या करायचा. जन्मभर दुसऱ्यांची तोंडं भरली, स्वतःचं कधी उघडलं नाही. जाऊ त्याच्या हाताखाली काम करायची: मेणावर दात बसवणं, साच्याला पेट्रोलियम जेली लावणं, कवळी घासून गुळगुळीत करणं. बारीक कामाचा हात. जीभही तशीच बारीक. सिस्टर हातोडा मारायची, जाऊ टाचणी टोचायची. अकरा वर्षं दोघींपैकी एकीनेही दुसरीच्या पुढच्या दाराचा उंबरा ओलांडला नव्हता. जे काय व्हायचं ते मागच्या भिंतीवरून.

भांडण राळ्याच्या फोलपटांवरून पेटलं. पक्षी दाणा सोलतात, फोलपट उडतं, वारं तिकडचं असलं की जावेच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. त्यातलं एक म्हणे एका गिऱ्हाइकाच्या कवळीच्या मेणात अडकलं, आणि ते गिऱ्हाईक चार दिवस हिरडीला काहीतरी टोचतंय म्हणत फिरलं. जावेने नगरपालिकेला अर्ज लिहिला. द्यायच्या आधी माझ्याकडे आणला, अक्षर लागतंय का बघायला. अक्षर उत्तम होतं. मजकूर त्याहून. "सदर महिला पक्षी पाळते की पक्षी सदर महिलेला पाळतात हे शेजाऱ्यांस समजेनासे झाले आहे."

अर्ज गेला असता तर पक्षीघर उठलं असतं, एवढी त्यात ताकद होती. मग दीर माझ्या दुकानात येऊन नुसता बसला. बोलला नाही, पण बसण्यावरून कळलं. मी मध्यस्थी केली. सिस्टरला म्हटलं, "जावेला एक जोडी देऊन टाका. स्वतःच्या घरात फोलपटं उडायला लागली की दुसऱ्याची दिसत नाहीत."

मला वाटलं होतं ती मला हाकलेल. ती म्हणाली, "बरं. देते."

इथेच मला शंका यायला हवी होती. सिस्टर सहजासहजी बरं म्हणाली असं तिच्या लग्नातही झालं नसेल.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरून पिंजरा गेला. आत जनरल वॉर्डातले दोन पक्षी, एक निळा आणि एक राखी. बाहेर नवं कोरं खोकं, सिस्टरने स्वतः ठोकलेलं. एकच. संध्याकाळी ती माझ्या दुकानात आली, स्टुलावर बसली आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी समाधान म्हणेन, पण मांजराच्या चेहऱ्यावर असतं तसं.

"दोन्ही माद्या दिल्यात," ती म्हणाली.

बजरीगरात नरमादी ओळखायची खूण चोचीच्या वर असते, नाकपुड्यांभोवती. तिथे एक पट्टी असते. नराची निळी, मादीची तपकिरी, आणि विणीच्या दिवसांत तर मादीची खरखरीत, खपली धरल्यासारखी. शिकलेल्या माणसाला क्षणभरही लागत नाही. आणि ज्याने पक्षी पाळलेत त्याला हेही माहीत असतं की बजरीगराच्या माद्या दिसायला गोड आणि खोक्यावरून जीव घेणाऱ्या. दोन माद्यांपुढे एक खोकं ठेवलं की रक्त निघतं. सकाळी एक मेलेली सापडते, दुसरी आंधळी.

"सिस्टर, हे काय केलंत?"

"एका खोक्यात दोन माद्या म्हणजे एका स्वयंपाकघरात दोन जावा. बघू दे तिला. एक मरेल, मग दुसरी ती स्वतःच आणून देईल. अर्ज फाडला की नाही?"

"फाडला."

"मग झालं."

माझ्या पोटात काही राहत नाही, हे गल्लीला माहीत आहे आणि मलाही. तिसऱ्या दिवशी कवळीवाल्याच्या घरी घड्याळाचा सेल बदलायच्या निमित्ताने गेलो. जाऊ खिडकीशी बसली होती, राखी पक्षी फडक्यात गुंडाळून हातात. त्याच्या तोंडाची अवस्था बघवत नव्हती. चोच, नाक, डोळ्यांच्या कडा, सगळीकडे मधमाश्यांच्या पोळ्यासारखा खडबडीत थर. खरूज. किडा असतो तो, डोळ्याला दिसत नाही. ती कवळीचं मेण कोरायच्या कांडीने थोडी थोडी जेली त्यावर लावत होती.

मी तिला सगळं सांगितलं. दोन माद्या, एक खोकं, रक्त.

ती ऐकत होती आणि कांडी फिरवत होती. मग म्हणाली, "जाऊबाईंनी आजारी जनावर दिलं, एवढं मला कळलं होतं. मारामारीचं माहीत नव्हतं."

"दुसरं खोकं आणून देऊ का मी?"

"नको. पण हे माझ्या हातात मरणार नाही. मेलं तर त्या भिंतीपलीकडून हसतील. तुम्ही काही बोलू नका."

"मी कशाला बोलतोय?"

तिने माझ्याकडे बघितलं. दीरही पहिल्यांदाच हसल्यासारखा वाटला, पण तो कवळीत तोंड खुपसून बसला होता, त्यामुळे खात्री नाही.

ती रोज दोनदा जेली लावायची. जेलीने किड्याचा श्वास कोंडतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण साच्याला मेण चिकटू नये म्हणून जी लावतात ती चांगलीच असणार, असा तिचा हिशेब. दोन पक्षी भांडतही नव्हते. निळी खोक्याच्या दारात बसायची आणि राखी तिला चारा भरवायची. मला ते विचित्र वाटलं, पण मी म्हटलं, आजाऱ्यापुढे वैर थांबत असेल.

तिसऱ्या आठवड्यात जावेने मला बोलावलं. राखीच्या नाकावरची शेवटची खपली पडली होती. खाली पट्टी होती. निळी. नव्या दौतीच्या शाईसारखी निळी.

 सिस्टरने, जिने तीस वर्षं मुलगा की मुलगी हे पहिल्या नजरेत सांगितलं, तिने खरजेची खपली बघून मादी म्हटलं होतं. तिचं चुकलंही नसतं, हात धुवून, पक्षी हातात घेऊन एकदा बघितलं असतं तर. पण जनरल वॉर्डातल्या राखी पक्ष्याला ती कशाला हातात घेईल? आणि त्यातून तिला तेव्हा मादी हवीच होती.

"काय झालं?" जाऊ म्हणाली.

"अभिनंदन. नवरा आहे."

ही गोष्ट मी सहा आठवडे सिस्टरला सांगितली नाही. माझ्या बायकोला अजून विश्वास बसत नाही. मलाही बसत नाही. पण एकदा तरी सिस्टर चुकलेली आपल्याला एकट्याला माहीत असावी, हे सुख काही औरच होतं. ती दुकानात यायची, विचारायची, "मेली का एखादी?" मी म्हणायचो, "अजून तरी नाही." ती म्हणायची, "मेल्या चिवट आहेत. घराण्याचा गुण."

अंडी चार आली. एक पोकळ निघालं. अठरा दिवसांनी पहिलं पिल्लू, मग एकेक दिवस सोडून आणखी दोन. जावेने मला विचारलं, आता काय करायचं? मी म्हटलं, रिंग. रिंगा सभासदालाच मिळतात, आणि गल्लीत सभासद दोनच. माझ्याकडे त्या वर्षीची एकही उरली नव्हती. उरली होती ती सिस्टरकडे, नंबर बाराची आख्खी माळ.

"मागते," जाऊ म्हणाली. "पक्षी त्यांचेच होते. त्यांच्या नावाची रिंग पडली तर पडली."

हे ती म्हणाली, मी माझ्या कानांनी ऐकलं. ध्यानात ठेवा.

थोरलं पिल्लू आठ दिवसांचं होतं त्या सकाळी आम्ही तिघं अंगणातल्या भिंतीशी उभे राहिलो. जाऊ, दीर आणि मी. सिस्टर पक्षीघराच्या तळाची वाळू चाळत होती.

"जाऊबाई, तीन रिंगा द्या."

"कशाला?"

"पिल्लं झालीत."

सिस्टरने चाळण खाली ठेवली.  मग ती हसायला लागली.

"पिल्लं? कुणाला?"

"तुम्ही दिलेल्या जोडीला."

"अगं, दोन माद्यांना कधी पिल्लं होतात का? बाजारातून नर आणून घातलास होय? प्रदर्शनात मिरवायची हौस आली वाटतं तुला. बाजारू बापाच्या पोरांना माझी रिंग? नंबर बारा आहे तो, रस्त्यावरची पाटी नव्हे."

 टाचणी काढायची जावेची तयारी मला दिसत होती, पण ती थांबली. सिस्टर आपली बोलतच होती, आणि बोलता बोलता तिलाच ऐकू आलं की आपण काय बोललो.

"म्हणजे माद्या आहेत हे तुम्हाला माहीत होतं," जाऊ म्हणाली. "एकच खोकं दिलंत."

दीर म्हणाला, "वहिनी."

एवढंच. अकरा वर्षांत त्याने भिंतीवरून टाकलेला पहिला शब्द. सिस्टरचा चेहरा लाल झाला, पण ती मागे सरणाऱ्यातली नव्हती.

"हो, होतं माहीत. अर्ज लिहिताना तुला माझे पक्षी आठवले होते का? जा. रिंग मिळणार नाही."

"बघून तरी जा पिल्लं. नर तुमचाच आहे. त्याच्या पायात तुमचाच नंबर आहे."

"मला रविवारीसुद्धा वेळ नाही."

मी तोंड उघडलं असतं तर? राखी, निळी, खरूज, सगळं तिथल्या तिथे सांगितलं असतं तर? खरं सांगतो, मला गंमत वाटत होती. आणि त्या पिल्लांतून काय निघणार हे मलाही सुचलं नव्हतं. सहा आठवडे मी नर सापडल्याच्या आनंदात होतो, राखी आणि निळा एकत्र आले की काय होतं हे मीच तिला सांगितलं होतं आणि मीच विसरलो होतो.

नऊ दिवसांनी जावेने पुन्हा बोलावलं. "पिसं फुटतायत. रंग वेगळाच आहे. आजारी तर नसतील?"

खोक्याचं झाकण उघडलं. तीन पिल्लं एकमेकांवर मान टाकून. धाकटं निळं. मधलं आणि थोरलं यांच्या पाठीवर, पोटावर, पिसांच्या टोकांना रंग फुटला होता. मी चष्मा पुसला. पिंजरा उचलून खिडकीत नेला. उजेड बदलला तरी रंग बदलला नाही. पिकलेलं वांगं.

मी सरळ सिस्टरकडे गेलो. न सांगून मेलो असतो. सगळं सांगितलं, खरजेपासून. ती ओट्याशी उभी राहून पक्ष्यांच्या दाण्याची भांडी धूत होती. ऐकताना भांडं धुऊन झालं, तरी ती तेच धूत राहिली. मग तिने हात पुसले, रिंगांच्या माळेतून एक सोडवली, साबणाची वडी घेतली, आणि मागच्या अंगणात न जाता पुढच्या दाराने बाहेर पडली. तिने जावेच्या दाराची बेल वाजवली. बेल वाजवायची कुठून हेही तिला शोधावं लागलं.

दार दिराने उघडलं. तो बाजूला झाला. जाऊ कामाच्या टेबलाशी, समोर कुणाचा तरी खालचा जबडा.

"हात कुठे धुऊ?" सिस्टर म्हणाली.

"डाव्या बाजूला. कोपरापर्यंत धुता ना तुम्ही? साबण तुमचा तुम्ही आणलाय म्हणा."

सिस्टरने हात धुतले. खोकं उघडलं. आणि आत बघितलं. किती वेळ ते मी सांगणार नाही, घड्याळजी असलो तरी. मग आधी तिने बापाला हातात घेतलं, त्याला उलटं केलं, नाक बघितलं, रिंग वाचली, ठेवून दिलं. मग थोरलं पिल्लू काढलं. ते सतरा दिवसांचं होतं. तिने ते नुसतं तोललं आणि परत ठेवलं. मधलं पंधरा दिवसांचं. ते तिने डाव्या तळव्यात घेतलं, पायाला साबण लावला, तीन लांब बोटं जुळवली, रिंग चढवली. रिंग बोटांवरून गेली आणि पंजाच्या गादीशी अडली.

 पिल्लू चीं चीं करत होतं.

"ढकला की," जाऊ म्हणाली. "एवढ्या बायका मोकळ्या केल्यात तुम्ही. एक पाऊल काय मोठं."

सिस्टरने रिंग जरा फिरवली. जरा दाबली. गादी पांढरी पडली. अजून थोडा जोर लावला असता तर गेली असती, हे मला दिसत होतं, म्हणजे तिला नक्कीच दिसत होतं. गेली असती आणि मागचं बोट मोडलं असतं, किंवा कदाचित नसतंही मोडलं. नऊ वर्षं तिच्या दोन बोटांत होती.

तिने रिंग मागे ओढून काढली. साबण पुसला. पिल्लू खोक्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

"नाही जात."

"धाकट्याच्या पायात जाईल," मी म्हणालो. मला काहीतरी बोलायचं होतं.

"धाकटं निळं आहे, घड्याळजी. निळी माझ्याकडे चाळीस आहेत."

जाऊ खुर्चीवरून उठली. तिचा राग गेला नव्हता, पण तिला आता मजा येत होती, आणि मजा आली की ती उदार व्हायची.

"पुढची अंडी येतील," ती म्हणाली. "निळी आताच खोक्यात पुन्हा बसायला लागलीय. जाऊबाई, पुढच्या वेळी पाचव्याच दिवशी रिंग घाला तुम्ही. तुमच्याच नंबराची. मला नंबराचं काय करायचंय? पक्षी माझ्याकडे राहतील, नाव तुमचं राहील. मिरवा प्रदर्शनात."

मला वाटलं, झालं. सिस्टरला जे हवं ते ताटात वाढून आलं. माझी मध्यस्थीची फी मी मनातल्या मनात मागूनही घेतली.

सिस्टरने हात फडक्याला पुसले. मग म्हणाली, "तीस वर्षं मी बाळांच्या मनगटाला पट्टी बांधली. आईचं नाव लिहून. रात्रपाळीत, एकटीने, एकेका वेळी सात सात. एकदाही दुसऱ्या आईची पट्टी बांधली नाही. आता तुझ्यासाठी सुरू करू?"

"माझ्यासाठी कशाला? तुमच्यासाठी."

"माझ्या खोक्यात नाही फुटलेली ती. खोकं ठोकलं मी, पण ते कशासाठी ठोकलं ते तुला माहीत आहे. जेली तू लावलीस. घड्याळजी, सभासदत्वाचा फॉर्म आहे का तुमच्याकडे?"

माझ्या खिशात नेहमी असतो. शिफारस दोन सभासदांची लागते. मी सही केली. सिस्टरने जावेच्या टेबलावरचं पेन उचललं, झटकून बघितलं, "पेनसुद्धा धड नाही," म्हणाली आणि खाली सही केली. जाऊ फॉर्म भरायला लागली तर सिस्टर तिच्या खांद्यावरून वाचत राहिली. "'पक्षिपालनाचा अनुभव' या रकान्यात 'दहा आठवडे' लिही. 'जन्मापासून' काय लिहितेस? मंडळ आहे, वधूवर सूचक केंद्र नव्हे."

"तुमच्यासोबत एका घरात राहिले, तो अनुभव धरत नाहीत का?"

"तो धरला तर तू अध्यक्ष होशील."

मला वाटलं, दोघी हसतील. एकीनेही तोंड हलवलं नाही. सिस्टरने साबणाची वडी उचलली, रिंग खिशात टाकली आणि पुढच्या दाराने निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून आवाज आला तेव्हा फोलपटांवरूनच भांडण चाललं होतं. फक्त आता दोन्ही बाजूंची.

जावेला नंबर मिळाला अठ्ठेचाळीस. पुढच्या अंड्यांतून दोन जांभळी निघाली, पाचव्या दिवशी त्यांच्या पायांत अठ्ठेचाळीसची रिंग पडली आणि प्रदर्शनात त्यातल्या एकाने पहिला नंबर घेतला. बक्षीस घेताना जाऊ म्हणाली की ही जोडी मला माझ्या जाऊबाईंनी दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टर तिसऱ्या रांगेत बसली होती, तिने नाही वाजवल्या. "टोमणा होता तो," ती मला म्हणाली. होताच.

त्यानंतर तिने जनरल वॉर्ड रिकामा करून एकेक पक्षी हात धुऊन तपासला. राखी तीन निघाले, तिन्ही माद्या, खऱ्या. त्यांना निळे नर लावून दोन वर्षं झाली. जांभळं एकही नाही. तिच्या निळ्यांत तो लपलेला रंग एकाच पक्ष्यात होता, आणि तो तिने भिंतीवरून दिला.

मध्यंतरी जावेकडे बिनरिंगेचं थोरलं पिल्लू मोठं झालं होतं, देखणा नर. प्रदर्शनाला चालत नाही, पण बाप म्हणून चालतो. सिस्टरने मला तिच्याकडे पाठवलं. म्हणाली, विचारा कितीला देते. जाऊ म्हणाली, विकायचा नाही, फुकट न्या म्हणावं, मलाही त्यांनी जोडी फुकटच दिली होती. मी निरोप घेऊन परत आलो. सिस्टर म्हणाली, फुकट मी तिच्या घरचं पाणी घेत नाही, योग्य ती किंमत घ्यायला सांगा. मी पुन्हा गेलो. माझे गुडघे आता पहिल्यासारखे नाहीत, आणि दोन दारांत अंतर असेल दहा पावलं, पण त्या वर्षी मी ती दहा पावलं किती वेळा चाललो त्याला गणती नाही. जाऊ म्हणते, फुकट. सिस्टर म्हणते, विकत. पक्षी अजून जावेच्या खिडकीत आहे.